गोळी कायले घ्यायची?

आजोबांना लकवा मारला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. आमचं गाव मूल तालुक्यातलं. तिथून चंद्रपूरला पोचेपर्यंत त्यांचा उजवा हात गेला, बोलणं गेलं. बी.पी.ची गोळी त्यांनी चार महिन्यांपूर्वीच सोडली होती. तेव्हा म्हणाले होते, "काही दुखत नाही, मंग गोळी कायले घ्यायची?"

मला तो त्यांचा हट्ट वाटला होता. मग शेजारच्या गडचिरोलीचा इतिहास वाचला.

१९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. जंगलातल्या गावांत कित्येक बाळं जन्मानंतर महिन्याच्या आतच दगावत होती. दवाखाना लांब. मग बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी उपचारच घरी नेला. गावातल्याच बायका शिकून आरोग्यदूत झाल्या. ३९ गावांतला हा प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा इथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे.

पुढे याच भागातल्या ८६ गावांत 'सर्च'ने प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत १,५९९ माणसं गेली. त्यातली २२९ लकव्याने. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती. लकव्याने गेलेल्या दर शंभरातले सत्त्याऐंशी घरीच गेले. शहरातल्या खात्यापित्या लोकांचा म्हणून ओळखला जाणारा आजार जंगलात केव्हाच येऊन बसला होता.

आरोग्यदूत बी.पी.ही मोजू शकते. पण बाळाची काळजी महिनाभराची असते, आणि आईला धोका डोळ्यांसमोर दिसतो. बी.पी. जन्मभराचं, आणि दुखत काहीच नाही. माझ्या कामात अशा बिघाडाची सगळ्यात भीती वाटते: एकही एरर न देता सिस्टिम चालू राहते आणि एक दिवस बंदच पडते. आजोबांचा प्रश्न वेडगळ नव्हता. त्याचं उत्तर त्यांना समजेल असं कुणी दिलं नव्हतं. मीही नाही.

स्वतःची काळजी स्वतः घ्या, हे सांगायला सोपं आहे. पण चौकाचौकात खर्रा घोटून मिळत असेल, तर एकट्याने तो किती दिवस सोडायचा? गडचिरोलीच्या लोकांना हे आधीच उमगलं होतं. दारू सोडा असं एकेकाला सांगत न बसता त्यांनी आंदोलन केलं आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली. २०१६ पासून 'मुक्तिपथ' दारूसोबत तंबाखूच्याही मागे लागलं. आमच्या चंद्रपुरात दारूबंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली.

आता आजोबांनी गोळी घेतली की आजी कॅलेंडरवर त्या तारखेला एक टिकली चिकटवते आणि रविवारी मला फोटो पाठवते. गेल्या रविवारी गुरुवारपासून टिकल्या नव्हत्या. मी चिडून फोन लावला.

"गोळ्याच सरल्या बाबू," आजी म्हणाली. "तालुक्याले जाणार कोन?"