तालमीबाहेरचा गुडघा

खानदेशातल्या जुन्या तालमींविषयी मी गेली बारा-तेरा वर्षे टिपणे काढतो आहे. पदवी इतिहासाची नाही, नोकरीही वेगळ्याच खात्यात झाली. पण मारुतीच्या देवळालगतची ती अंधारी खोली, तिथली लाल माती, खुंटीला टांगलेले लंगोट आणि कोपऱ्यातली मुद्गलांची जोडी यांची ओढ लहानपणापासून होती. २०१८ साली, याच टिपणांचा ढीग टेबलावर असताना, माझ्या आईचा उजवा गुडघा बदलायचे ठरले. त्या वेळी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते.

आधी तालमीकडून सुरुवात करतो. आमच्या अमळनेरला १९१६ च्या सुमारास एक तरुण राष्ट्रीय महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. जगन्नाथ गणेश गुणे त्याचे नाव. सरकारची नजर फिरली आणि १९२० मध्ये ते महाविद्यालय बंद पडले. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद ते हेच. योगक्रियांकडे क्ष-किरण आणि प्रयोगशाळेतली मोजमापे घेऊन बघणारा माणूस, म्हणून त्यांचा उल्लेख सगळीकडे असतो. त्यांचे अमळनेरचे दिवस मात्र चरित्रांत दोन ओळींत उरकले जातात. आम्हा खानदेशवाल्यांना त्याची थोडी खंत आहे, ती असो.

माझ्या विषयाच्या दृष्टीने गुण्यांचा त्याआधीचा काळ जास्त महत्त्वाचा. १९०७ ते १९१० या वर्षांत ते बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायाम शिकले. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे हे माणिकराव नुसते उस्ताद नव्हते, हाडवैद्य म्हणूनही त्यांचा मोठा लौकिक होता. उतरलेला खांदा, मुरगळलेला घोटा, कुस्तीत दुखावलेला गुडघा घेऊन लोक त्यांच्याकडे येत. म्हणजे सांधा दुखावला की ज्या जागी तो दुखावला त्याच जागी तो बराही करायचा, अशी ही व्यवस्था होती. मर्दन, शेक, काही दिवस बेताने हालचाल, मग हळूहळू जोर वाढवत पुन्हा आखाड्यात. जुन्या पहिलवानांशी बोलताना हाच क्रम मी वेगवेगळ्या गावी ऐकला आहे. ‘पुनर्वसन’ हा शब्द त्यांच्यापैकी कुणी वापरला नाही. ‘पाय परत बांधायचा’ असे ते म्हणत.

त्या काळचे पाश्चात्त्य वैद्यक मात्र नेमके उलट सांगत होते. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे एकोणिसाव्या शतकातले नामांकित अस्थिशल्यविशारद. गंमत अशी की त्यांचे घराणे हाडवैद्यांचे, वडील त्याच व्यवसायात. मुलाने मात्र रीतसर वैद्यक शिकून दुखऱ्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी असा सिद्धान्त मांडला. क्षयाने सडणाऱ्या सांध्यांच्या त्या काळात, जेव्हा प्रतिजैविके नव्हती, त्यात तथ्यही होते. पण क्षयाच्या सांध्यासाठीचा नियम झिजलेल्या सांध्यालाही लावला गेला, आणि ‘गुडघा दुखतो? मग आराम करा’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून घराघरांत गेले. आज आपण ते आजीबाईचे शहाणपण समजतो.

या समजुतीला मोठा धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धात. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापतींचे सैनिक महिनोन्महिने पडून असत. तिथे थॉमस डेलोर्म नावाच्या तरुण डॉक्टरने त्यांच्या पायाला लोखंडी बूट बांधला आणि त्यात वजने अडकवून, दर आठवड्याला थोडी वाढवत, पाय सरळ करायला लावले. डेलोर्म स्वतः किशोरवयातल्या मोठ्या आजारानंतर वजने उचलून सावरलेला. १९४५ साली त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत आली की गुडघा सावरतो, हे त्याचे म्हणणे. लोखंडी बुटाच्या जागी मुद्गल ठेवा, चित्र ओळखीचे वाटेल.

आपल्याकडे फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण त्यानंतर काही वर्षांतच आले, पण ते गुडघेदुखीसाठी नव्हे. मुंबईत पोलिओच्या साथी आल्या, मुलांचे पाय लुळे पडू लागले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय उभे राहिले. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. ही विद्या जळगाव-धुळ्यापर्यंत यायला मात्र फार वेळ लागला. मध्यंतरी तालमी ओस पडत गेल्या. म्हणजे आमच्याकडे दोन-तीन पिढ्या अशा गेल्या की पाय बांधून देणारा उस्ताद राहिला नव्हता आणि फिजिओथेरपिस्ट अजून आला नव्हता.

इथवर मी लिहिले, एका व्याख्यानात वाचूनही दाखवले, आणि ते मला पुरते पटलेही होते. त्यातली चूक आईमुळे कळली.

आईचे सगळे आयुष्य पारोळा तालुक्यात कपाशीच्या शेतात गेले. निंदणी उकिडवे बसून, वेचणी कमरेत वाकून, चूल जमिनीवर, धुणे दगडावर, शौचाला जाणे तर विचारूच नका. पन्नाशीनंतर गुडघे धरले. वऱ्हाडाकडच्यासारखे आमच्याकडेही काही जुनी माणसे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. ‘टोंगळे गेले’ एवढे म्हटले की बाईच्या वयाचा अंदाज येतो. चरकाने संधिगत वाताचे वर्णन करताना वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखी सूज आणि पाय पसरताना-आखडताना होणारी वेदना सांगितली आहे. ते वाचताना मला आईचा गुडघाच दिसतो.

डॉक्टरांनी तारीख तीन महिन्यांनंतरची दिली. कोणते रुग्णालय ते सांगत नाही. शस्त्रक्रिया त्यांनी उत्तम केली. पण त्या तीन महिन्यांत काय करायचे, हे कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. उलट मीच तिला म्हणालो, ‘आई, आता अजिबात हलायचं नाही.’ तीन महिने ती खाटेवर बसली. शस्त्रक्रियेच्या दिवशी तिची मांडी माझ्या दंडाएवढी झाली होती. नंतरचे दोन महिने तिने जे सोसले ते लिहिण्यासारखे नाही. गुडघा नवा होता, त्याला हलवायला मांडीच उरली नव्हती.

नंतर शोधले तेव्हा कळले की यात नवल काहीच नव्हते. गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त घटते, असे मोजमाप आहे. आधीच निम्मी असलेली ताकद पुन्हा निम्मी झाली, तर माणूस खुर्चीतून उठणार कसा? शस्त्रक्रियेपूर्वी मांडीत जेवढा जोर असतो त्यावरून नंतरच्या चालण्याचा बराच अंदाज बांधता येतो. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडणे आणि सुटणे यांतूनच तिला सांध्यातल्या द्रवाचे पोषण मिळते. खाटेवरच्या विश्रांतीने तेही थांबते.

मग मी माझी तालमींची टिपणे पुन्हा काढली. शेकडो पाने. त्यांत गुडघे बरेच होते, सगळे पुरुषांचे. बायकांच्या व्यायामाचा विचार महाराष्ट्रात कुणी केलाच नाही असे नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराच्या प्रचारात बायका-मुलींना आवर्जून घेतले होते. पण तो व्यायाम राजवाड्यात आणि शाळेत होता. शेतातल्या बाईबद्दल सगळ्यांचे एकच मत होते, आणि ते माझ्याही डोक्यात मुरलेले होते: ती राबते, तोच तिचा व्यायाम. राबण्यात आणि व्यायामात फरक काय, हे तालमीतला कुठलाही पोरगा सांगेल. व्यायामात जोर बेताने वाढवतात, दोन्ही अंगांना सारखा देतात आणि मध्ये विसावा असतो. निंदणीत यातले एकही नाही. तासन्‌तास उकिडवे बसण्याचा आणि गुडघ्याच्या झिजेचा संबंध चीनमधल्या वृद्धांच्या अभ्यासातही दिसला आहे. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून घरोघर पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोक सांधे-स्नायूंच्या दुखण्याने बेजार आढळले. तो गावगाडा आमच्यापेक्षा फार वेगळा नाही.

म्हणून माझे आधीचे विधान दुरुस्त करायला हवे. तालीम गेल्यामुळे गुडघ्याची विद्या हरवली, हे पुरुषांपुरते खरे. बाईच्या बाबतीत हरवायला काही नव्हतेच.

आता परिस्थिती बदलली आहे, पण ती एका बाजूने. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. त्या बातम्यांनी गावोगावी लोकांना समजले की गुडघा बदलता येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा, जो दीड लाखाच्या पुढे जाई, तो ५४,७२० रुपयांवर आला. नाशिक-मुंबईच्या खेपा कमी झाल्या, जळगाव-धुळ्यातच गुडघे बदलू लागले. ही मोठी सोय झाली. पण किंमत धातूची ठरली. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांची कुणी ठरवली नाही, म्हणून ते महिने कुणाच्या हिशेबातच नाहीत.

डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेला पात्र ठरलेल्या शंभर रुग्णांवर एक प्रयोग झाला. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गुडघा बदलून व्यायाम दिला, निम्म्यांना बारा आठवडे व्यायाम, आहार आणि माहिती एवढेच. ज्यांचा गुडघा बदलला त्यांना आराम जास्त पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त होत्या. दुसऱ्या गटातल्या पन्नासांपैकी वर्षभरात तेराच शस्त्रक्रियेला गेले. व्यायामाने झीज भरून येत नाही. पण शस्त्रक्रिया लांबते, आणि करावीच लागली तर पाय तयार असतो.

आईचा डावा गुडघा २०२१ मध्ये बदलला. या वेळी धुळ्याच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीला दोन महिने आधीच गाठले. तिने बैठका, मांडी घालणे, उकिडवे बसणे बंद केले. झिजल्या गुडघ्याला तालमीची बैठक देऊ पाहणारे माझ्यासारखे उत्साही लोक तिने बरेच पाहिले असावेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच मोजायचे, सोडायचे. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उंच खुर्चीतून हात न टेकता उठायचे, बसायचे. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि आठवड्यागणिक थोडे जास्त.

पहिल्या दिवशी आई हसली. ‘मी काय पहेलवान शे का रे भाऊ?’ म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या दोघी ओट्यावर येऊन बसू लागल्या, आधी गंमत बघायला. मग एकीने आपल्या घरून टॉवेल आणला. आता दुपारी चार वाजता तिथे पाच-सहा जणी असतात. आकडे आई मोजते, आणि कुणी आठावर थांबली तर तिला दहापर्यंत न्यायला लावते.