'तिथं आपले किती आहेत?': स्वस्त घराचा आणि सुरक्षित मोहल्ल्याचा इतिहास

शाळेच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी कुणी ना कुणी घर घ्यायला निघालेलं असतं. चौरस फुटाचा भाव काय, पाणी किती वेळ येतं, हप्ता किती बसेल, हे प्रश्न सगळ्यांचेच. आमची मुस्लिम मंडळी हे सगळं विचारून झाल्यावर आवाज थोडा खाली आणतात आणि आणखी एक विचारतात, "तिथं आपले किती आहेत?" बाहेरच्याला हा प्रश्न संकुचित वाटतो. पण तो आकाशातून पडलेला नाही, त्याला तारखा आहेत. आणि माझं म्हणणं असं की या प्रश्नाच्या उत्तरापायी आपण दुसरा, तितकाच मोठा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आधी आपलं नाशिक पाहू. मोगल काळात गुलशनाबाद म्हणवलेल्या या गावात लोक एकत्र राहिले ते मुख्यतः धंद्याच्या नात्यानं. बागवानपुरा, पिंजारघाट, तांबट लेन ही नावंच ते सांगतात. फळं विकणारे एका बाजूला, कापूस पिंजणारे दुसऱ्या बाजूला, तांब्याची भांडी ठोकणारे तिसऱ्या बाजूला. बडी दर्गा पिंजारघाटावर, भद्रकालीचं देऊळ हाकेच्या अंतरावर, आणि दूधबाजारात दोन्हीकडची गिऱ्हाइकं. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. जातीच्या भिंती तेव्हाही होत्या आणि गावकुसाबाहेरच्यांना तर विचारूच नका. पण 'आपल्या माणसांत राहणं' म्हणजे बिरादरीत, व्यवसायात राहणं असा त्याचा अर्थ होता. जीव वाचवण्यासाठी राहणं असा नव्हता.

पुढे सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती आल्या, कामगार आले, आणि सिडकोनं नवीन नाशिक वसवलं. सहा योजनांमधली ती छोटी छोटी घरं आज चार मजली झाली आहेत, गल्ल्यांत रिक्षा वळत नाही, हे खरं. पण एक गोष्ट लोक विसरतात. सरकारी घर अर्जावर आणि सोडतीवर मिळतं. चिठ्ठी शेजाऱ्याचं आडनाव विचारत नाही. म्हणून अशा योजनांत एका ओळीत कारखान्यातला फिटर, महापालिकेतला शिपाई, एखादा शेख, एखादा पगारे, एखादा बोरसे अशी घरं लागू शकतात. सरकारनं स्वस्त घर बांधायचं थांबवलं, की निवड दलालाच्या हातात जाते आणि दलाल आधी नाव विचारतो. मला स्वतःला एका नव्या कॉलनीत फोनवर 'सर, या ना बघायला' म्हणणाऱ्यानं आडनाव ऐकताच 'तो फ्लॅट कालच गेला' असं सांगितलं होतं. पुढचा महिनाभर त्या फ्लॅटची पाटी तिथंच होती. हा अनुभव इतक्या जणांचा आहे की आता कुणी तो सांगतही नाही.

खरं वळण आलं ते १९९२ च्या डिसेंबरात. बाबरी मशीद पडल्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी १९९३ अशा दोन टप्प्यांत जे झालं, त्याची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं केली. आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसं मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. आकडा मृतांचा आहे. ज्यांनी मिश्र वस्तीतली चाळीतली खोली मिळेल त्या भावाला विकली किंवा कुलूप लावून सोडली, त्यांचा हिशेब कुठल्या आकड्यात बसत नाही. दोन्ही बाजूंनी माणसं हलली. मुस्लिम वस्तीतला हिंदू तिकडे गेला, हिंदू वस्तीतला मुसलमान इकडे आला. मुंबईत इकडे म्हणजे कुठे, तर भायखळा-डोंगरी परवडत नव्हतं. उरलं होतं मुंब्रा.

मुंब्रा हे काही तेव्हा वसलं नाही. डोंगरावर मुंब्रादेवी, पायथ्याशी खाडी, पारसिकचा बोगदा, आणि कौसा-मुंब्र्यात पिढ्यान् पिढ्या राहणारी कोकणी मुसलमानांची घरं, शेतं. जलद गाड्या बहुतेक थांबत नसत, पण लोकल होती. सीएसटीला, मशीद बंदरला कामाला जाणाऱ्याला तेवढं पुरे. जमीन स्वस्त होती. मागणी रातोरात वाढली. अशा ठिकाणी जे होतं तेच झालं. शेतात, खाडीकाठी, वनखात्याच्या जागेत इमारती उठल्या. नकाशा मंजूर नाही, माती तपासलेली नाही, सिमेंटपेक्षा रेती जास्त. बिल्डर बहुतेक वेळा आपलाच, नमाजला शेजारी उभा राहणारा. त्यामुळे कागद मागणं हा त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं व्हायचं.

गरिबालाच असं करावं लागलं, असं समजू नका. २८ फेब्रुवारी २००२ ला अहमदाबादच्या चमनपुऱ्यातल्या गुलबर्ग सोसायटीत ६९ माणसं मारली गेली, त्यांत माजी खासदार एहसान जाफरी होते. बंगले होते, फोन होता, ओळखी होत्या. काहीही कामी आलं नाही. त्यानंतर जुहापुऱ्यात डॉक्टर, वकील, व्यापारी राहायला गेले. हे जुहापुरा १९७३ च्या साबरमतीच्या पुरानंतर पूरग्रस्तांच्या वसाहतीतून वाढलेलं आहे, आणि सुरुवातीला तिथं हिंदू-मुस्लिम दोघंही होते. गुलबर्ग ज्यानं ऐकलं, त्याला 'चांगल्या वस्तीत का राहत नाही' असं विचारण्याचा अधिकार कुणाला आहे? आपल्या मालेगावात मोसम नदीच्या अलीकडे आणि पलीकडे जी दोन शहरं दिसतात, त्यामागेही हाच धाक थरावर थर साचलेला आहे.

पण आता दुसरी तारीख. ४ एप्रिल २०१३. मुंब्र्याजवळ शिळ भागात लकी कंपाऊंड नावाच्या जागेत बेकायदा इमारत कोसळली, ७४ जण गेले. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबं आणि मजूर राहत होते. या धंद्याचं गणितच असं आहे. माणसं राहायला आली की पाडायला येणाऱ्यांचे हात बांधले जातात. म्हणजे भिंत ओली असताना आत टाकलेली कुटुंबं ही बिल्डरची ढाल असते. त्याच वर्षी जूनमध्ये मुंब्र्यातच आणखी एक इमारत पडली. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारच्या पाकमोडिया स्ट्रीटवर हुसैनी इमारत पडली, ३३ गेले. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत पहाटे झोपेत असलेल्यांवर आली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडीचं नाव देशभर गेलं, त्यावर आयोग बसला, पुस्तकं निघाली. जिलानी इमारतीवर कुणी पुस्तक लिहील असं मला वाटत नाही.

जमावापासून पळून माणूस छताखाली गेला आणि छतच अंगावर आलं. आपण मोहल्ला तपासतो, खांब तपासत नाही.

यात फक्त बेफिकिरी नाही, दोन कारणं खोल आहेत. एक व्याजाचं. गृहकर्ज घ्यावं की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, मी मुफ्ती नाही, त्यात पडत नाही. पण परिणाम डोळ्यांसमोर आहे. जो व्याज टाळतो तो रोकडीत किंवा बिल्डरशी हप्ते ठरवून घेतो. बँकेत अर्ज गेला असता तर बँकेच्या वकिलानं तीस वर्षांचा शोध घेतला असता, मंजूर नकाशा मागितला असता. रोकडीच्या व्यवहारात हे काम करणारं कुणीच उरत नाही. दुसरं कारण बँकेकडचं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं लिहून ठेवलंय की काही बँका मुस्लिमबहुल भाग 'नकारात्मक' क्षेत्र म्हणून बाजूला काढतात. म्हणजे ज्याला कर्ज चालतं त्यालाही पत्ता आडवा येतो. दोन्हीकडून माणूस त्याच नोटरीच्या टेबलावर येऊन बसतो.

नोटरीवरून पुन्हा नाशिकला येतो. वडाळा गावाच्या बाजूला गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी वस्ती वाढली, तिथं जुन्या नाशकातून गेलेली कितीतरी कुटुंबं आहेत. वाड्यात भावांच्या वाटण्या होऊन एका खोलीत आठजण झोपायची पाळी आली, पावसाळ्यात भिंती फुगायला लागल्या, मग गुंठा-दीड गुंठा घेऊन बाहेर पडले. कथड्यातून निघालेला माणूस इंदिरानगरच्या सोसायटीत न जाता तिला लागून असलेल्या वडाळ्यात का गेला, याचं उत्तर वर आलंच आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं बंधन घातलं, म्हणून खरेदीखताची नोंदणी अडायची आणि शंभराच्या स्टॅम्पवर व्यवहार व्हायचा. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, त्यानं १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट दिली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. वाट आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, शुल्क भरावं लागतं. पुष्कळांनी केलेला नाही. 'इतकी वर्षं कुणी काही म्हणालं नाही' एवढाच त्यांचा पुरावा.

'त्या भागात गुंडगिरी आहे' हेही ऐकायला मिळतं. कधी ते खरं असतं. अंधारे कोपरे, गोळ्या विकणारी पोरं, रात्रीच्या भानगडी, हे मी नाकारत नाही. माझेच काही माजी विद्यार्थी त्या वाटेला गेले. पण पोलिसांच्या कागदावर एखादी वस्ती 'संवेदनशील' असते ती दंगलीच्या हिशेबानं, चोरी-मारामारीच्या नव्हे. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि बाहेरचे लोक ते एकच धरतात. कुणी घराबद्दल विचारलं तर मी म्हणतो, दलालाबरोबर दुपारी जाऊ नका. इशानंतर एकटे जा, आणि बायकोला तिथल्या बायकांशी बोलायला पाठवा. सातवीनंतर मुली शाळेत जातात का, संध्याकाळी क्लासहून एकट्या येतात का, हे त्या दोन मिनिटांत सांगतील. तेवढ्यावरून वस्ती कळते. मग मात्र सातबारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका, बिल्डर मस्जिदीचा ट्रस्टी असला तरी. २०१७ पासून महारेरा आहे. आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मोबाइलवर तपासता येतो.

मिश्र सोसायटीचा आग्रह धरावा का? धरावा, जिथं दार उघडं आहे तिथं. पण कायद्याची साथ गृहीत धरू नका. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात, सहकारी सोसायटी आपलं सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवू शकते असं म्हटलं. मोठ्या लेआउटमधली वीस टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी म्हाडाच्या सोडतीत द्यायची, असा नियम आहे. ही घरं नेमकी कुठे गेली, यावरून २०२२ मध्ये नाशिकचं प्रकरण विधिमंडळात गाजलं. मोहल्ल्याच्या बैठकांत स्पीकरवर, मिरवणुकीच्या मार्गावर तासन् तास बोलणं होतं. या वीस टक्क्यांबद्दल मी एकदाही कुणाला बोलताना ऐकलेलं नाही, आणि मुलांचे फॉर्म भरून देणारे आम्ही शिक्षकही त्यात आलो.

गोदावरीच्या काठावर, जुन्या नाशकाच्या कडेला काझीची गढी आहे. मातीचा उंच ढिगारा. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव यांनी नाशिकला उत्खनन केलं, ते या मातीच्या गढीवर, आणि तिच्या पोटात दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे थर मिळाले. वर आजही घरं आहेत, नाना जातीधर्मांची. पावसाळ्यात कडा ढासळते, महापालिका नोटिसा चिकटवते, काही कुटुंबं शाळेत हलतात आणि ऊन पडलं की परत येतात. परत का येता, असं विचारलं तर भाडं सांगतात, कामाची जागा सांगतात, आणि मग हळूच सांगतात की इथं सगळे ओळखीचे आहेत.