ध्वनिमुद्रिका आणि अनियतकालिक : क्लीव्हलंड, मुंबई, जबलपूर

साठोत्तरी मराठी साहित्याच्या चर्चेत 'भूमिगत' ही संज्ञा बहुधा छापील मजकुरापुरतीच वापरली जाते. अनियतकालिकांच्या चळवळीचा इतिहास लिहिताना कविता, जाहीरनामे आणि वाद यांची नोंद होते. त्याच मंडळींनी जे गायिले, वाजविले, ते तळटीपेत जाते. या विभागणीमागे वाङ्मयीन मूल्यनिर्णय किती आणि साधनांची उपलब्धता किती, हे पाहण्यासाठी तीन शहरे शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते.

अमेरिकेतील क्लीव्हलंड या कारखानदारीच्या शहरात १९७५ मध्ये डेव्हिड थॉमस, पीटर लॉफ्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पेर उबू' हा बँड स्थापन केला. नाव आल्फ्रेद जारी या फ्रेंच नाटककाराच्या १८९६ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातील पात्राचे. थॉमस संगीतविषयक पत्रकारिता करीत; शहरातील 'प्लाझा' या जुन्या इमारतीत कलावंत व वादक एकत्र राहत. पुढे 'पोस्ट-पंक' म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रवाहाची ही एक आरंभीची शाखा होय. बँडने आपली पहिली ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी स्वतःच्याच 'हार्थन' या नावाखाली काढली. मोठ्या कंपनीच्या संमतीची वाट पाहावी लागली नाही, म्हणून हा प्रयोग इतिहासात उरला.

मुंबईत याच वृत्तीचे कार्य दोन दशके आधी सुरू झाले होते. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदींनी १९५४ मध्ये 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे 'असो' आले. कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकलेले, जाहिरात क्षेत्रातील नामवंत आरेखक. त्यांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाजाचे धडे घेतले, बळवंतबुवा या भजनी गायकाचा दीर्घ सहवास अनुभवला आणि १९७३च्या सुमारास स्वतःची काही इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रित केली. मात्र त्या मुद्रणाची बाजारात विकली जाणारी रेकॉर्ड झाली नाही. गीतांचे शब्द २००९ मध्ये, कवीच्या निधनानंतर पाच वर्षांनी, अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादिलेल्या संग्रहात वाचकांपुढे आले. आवाज मागेच राहिला.

हा भेद प्रतिभेचा नव्हे. चक्रमुद्रणाचे यंत्र चार मित्रांच्या आवाक्यात होते. रेकॉर्ड तयार करण्याची साधने मात्र तत्कालीन भारतात मोजक्या कंपन्यांच्या हाती होती. क्लीव्हलंडच्या तरुणांसाठी स्वप्रकाशित रेकॉर्ड जे काम करीत होती, तेच काम मुंबईत स्वप्रकाशित अंकाने केले. म्हणून 'मराठीत असा बँड का झाला नाही' हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला जातो.

जबलपूरचे उदाहरण हे अधिक स्पष्ट करते. मदन महालच्या गोंडकालीन गढीच्या या शहरात हरिशंकर परसाई यांनी १९५६ मध्ये 'वसुधा' सुरू केले. मराठीभाषक घरात वाढलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांची साहित्यिक डायरी त्यात क्रमशः आली. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत, ते स्वतः हिंदीत. १९७३ मध्ये, कोलटकरांच्या गाण्यांच्या सुमारासच, अकोल्यात जन्मलेल्या ज्ञानरंजन यांनी येथूनच 'पहल' काढले. राजधानी आणि मोठा प्रकाशनव्यवसाय यांपासून दूर असलेल्या शहरात नियतकालिक हाच लेखकांना एकत्र आणणारा मंच ठरला; भाषेची सीमाही त्याने मोजली नाही.

साम्य दाखविताना भेद पुसून टाकता येत नाही. पेर उबूने युरोपीय नाटकातून नाव घेतले. कोलटकरांपाशी त्याच वेळी भजनाची चालती परंपरा होती, आणि पखवाज तिचाच भाग होता. परंतु तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथून एक पद्धतिविषयक निष्कर्ष काढावा लागतो. ग्रंथालयाने जे जपले तेवढेच घडले, असे मानणारा इतिहास साधनांच्या टंचाईलाच अभिरुची समजून बसतो. कोलटकरांच्या कवितेतील लय समजून घ्यायची तर छापील संहितेसोबत ध्वनिफितींचा शोध हेही संशोधनाचे काम मानले पाहिजे. फीत कागदापेक्षा लवकर खराब होते, हे ध्यानात घेऊन.