हॉटेलमालकाने नेमलेला मास्तर: सांक्ट आंटोनच्या स्कीशाळेची कहाणी

१/
ऑस्ट्रियातील आल्प्सच्या एखाद्या गावी हिवाळ्यात जाणाऱ्या प्रवाशापुढे दोन प्रश्न असतात: मुक्काम कुठे करावा आणि स्की कोणाकडे शिकावे? तिरोल प्रांतातील सांक्ट आंटोन या गावात हे दोन्ही प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकाच हॉटेलच्या दारात येऊन मिळाले. त्या हॉटेलची, तेथे नेमलेल्या सतरा वर्षांच्या मास्तराची आणि या गावाने पुढे गमावलेल्या दोन माणसांची ही कहाणी.

२/
सांक्ट आंटोन समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर, आर्लबेर्ग घाटाच्या पायथ्याशी आहे. घाटमाथ्याची उंची जवळजवळ १,८०० मीटर. पश्चिमेकडून येणारे ओले वारे या डोंगररांगेला अडतात आणि अफाट हिमवर्षाव होतो. आज ज्या हिमासाठी लोक पैसे मोजतात, ते हिम शतकानुशतके वाटसरूंचा बळी घेत होते. १३८६ साली हाइनरिश फिंडेलकिंड नावाच्या एका मेंढपाळाने घाटमाथ्यावर सांक्ट क्रिस्टोफ येथे वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारली. आर्लबेर्गवर परक्याला आसरा देण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

३/
या मुलखाचे दैव पालटले ते १८८४ साली. त्या वर्षी घाटाखालून खोदलेला सुमारे १० किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा खुला झाला. जी माणसे नि जो माल पूर्वी घोडागाडीतून घाट चढत असे, तो सारा डोंगराच्या पोटातून जाऊ लागला. घाटरस्त्यावरील वर्दळ ओसरली आणि तिच्यावर जगणाऱ्या खाणावळी ओस पडू लागल्या. सांक्ट आंटोनला मात्र बोगद्याच्या पूर्वेकडील तोंडाशी स्थानक मिळाले. आता प्रवासी दारापर्यंत येऊ शकत होता. त्याने येथे उतरावे तरी कशासाठी, हा प्रश्न मात्र उरला होता.

४/
उन्हाळ्यात उत्तर सोपे होते: डोंगर, कुरणे, स्वच्छ हवा. हिवाळ्यात खोल्या रिकाम्या राहत. त्याच सुमारास नॉर्वेतून आलेली स्की मध्य युरोपात पसरत होती. तेथील सौम्य टेकड्यांवर चालणारी पद्धत आल्प्सच्या खड्या उतारांवर मात्र अपुरी पडे. लिलिएनफेल्ड येथील मथिआस झ्डार्स्की यांनी तीव्र उतारावर वेग आवरून वळण्याचे एक तंत्र बसवले आणि १८९०च्या दशकात त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या पद्धतीत हातात एकच लांब काठी असे.

५/
आर्लबेर्गवर हे वेड लवकर पोहोचले. ३ जानेवारी १९०१ रोजी सांक्ट क्रिस्टोफच्या त्याच जुन्या धर्मशाळेत काही मित्रांनी 'स्की क्लब आर्लबेर्ग'ची स्थापना केली. वाटसरूला हिमापासून वाचवण्यासाठी जी जागा उभी राहिली, तेथेच आता लोक हिमात रमण्यासाठी एकत्र येऊ लागले होते.

६/
घाटापलीकडे, फोरार्लबेर्गच्या बाजूला श्टुबेन नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १८९० साली हान्नेस श्नायडर यांचा जन्म झाला. ब्रेगेन्झचे व्हिक्टर झोम स्की घेऊन या भागात येत. त्यांना पाहून लहानग्या हान्नेसला या विद्येचा ध्यास लागला आणि पुढे झोम यांनीच त्याला शिकवले. घरची परिस्थिती साधी होती आणि स्की हा त्या काळी बाहेरून येणाऱ्या सुखवस्तू लोकांचा छंद होता. खेड्यातल्या मुलाचा तो पेशा होऊ शकेल, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

७/
तसे वाटले ते एका हॉटेलमालकाला. सांक्ट आंटोनच्या 'हॉटेल पोस्ट'चे मालक कार्ल शूलर यांनी १९०७ साली आपल्या पाहुण्यांना स्की शिकवण्यासाठी हान्नेसला नेमले. तेव्हा तो अवघ्या सतरा वर्षांचा होता.

८/
यामागचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. हॉटेलची इमारत, चाकरमाणसे, सरपण यांचा खर्च पाहुणा असो वा नसो, चालूच असतो. ज्याला स्की येत नाही, तो हिमाच्छादित डोंगर दोन दिवस पाहील आणि कंटाळून परतेल. ज्याने शिकायला सुरुवात केली, त्याला निदान आठवडाभर तरी राहावे लागेल. शिवाय उरलेले शिकण्यासाठी तो पुढच्या वर्षीही येईल. शूलर यांच्या दृष्टीने मास्तर नेमणे म्हणजे हिवाळ्यात खोल्या भरण्याची तजवीज होती.

९/
या गावाच्या घडणीत आणखी एक नाव महत्त्वाचे आहे: रूडोल्फ गोम्पेर्त्स. व्हिएन्नात १८७८ साली जन्मलेले हे अभियंता १९०५ साली प्रकृती सुधारण्यासाठी सांक्ट आंटोनला आले आणि तेथेच स्थायिक झाले. गावाच्या पर्यटनाची व्यवस्था, प्रसिद्धी, रेल्वेशी बोलणी आणि डोंगरवाटांची माहिती या साऱ्यांत त्यांनी आयुष्य घातले. श्नायडर यांनी पाहुण्याला उतारावर उभे केले, तर त्या पाहुण्याला गावापर्यंत आणण्याचे काम गोम्पेर्त्स यांनी केले.

१०/
श्नायडर शिकवत तरी काय? नॉर्वेजियन पद्धतीत शरीर ताठ असे. श्नायडर यांनी गुडघे वाकवून, अंग खाली आणि पुढे झुकवून उतरायला शिकवले. त्यामुळे तोल सावरणे सोपे झाले आणि वेगाची भीती कमी झाली. त्यांच्या अभ्यासक्रमाला पायऱ्या होत्या. आधी सरळ उतरणे. मग दोन्ही स्कींची टोके जवळ व मागची बाजू फाकवून नांगरासारखा आकार करणे, म्हणजे वेग आवरतो. मग एक स्की बाहेर ढकलून तिच्यावर भार देत वळणे. शेवटी वळण पुरे होताना दोन्ही स्की समांतर आणणे. या साखळीला 'आर्लबेर्ग पद्धत' हे नाव पडले.

११/
पहिल्या महायुद्धात श्नायडर यांनी ऑस्ट्रियाच्या पर्वतीय सैनिकांना स्की शिकवली. येथे शिष्य मोठ्या संख्येने असत, वेळ थोडा असे आणि शिकवण्यात हयगय झाली तर किंमत प्राणांनी मोजावी लागे. एका वेळी एका माणसाला शिकवणे आणि तुकडीच्या तुकडी तयार करणे, यांतला फरक त्यांनी तेथे जवळून अनुभवला.

१२/
युद्धानंतर, १९२१-२२च्या सुमारास, त्यांनी सांक्ट आंटोनमध्ये रीतसर स्कीशाळा उभी केली. नवशिके, मध्यम आणि तयार अशा विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या तुकड्या केल्या जात. प्रत्येक तुकडीला एक शिक्षक असे आणि सर्व शिक्षक एकाच क्रमाने शिकवत. म्हणून एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नसे. आज जगभरच्या स्कीशाळांत पहिल्या दिवशी विद्यार्थ्याची पायरी पाहून त्याला तुकडीत घातले जाते. या शिस्तीच्या घडणीत सांक्ट आंटोनचा वाटा फार मोठा आहे.

१३/
त्या काळचा पाहुणा मुक्काम कसा निवडत असेल? ऐपत असेल तर स्थानकाजवळचे हॉटेल, नाहीतर गावातली खाणावळवजा 'गास्टहोफ', किंवा घरगुती 'पेन्सिओन'. त्याहून स्वस्तात हवे असेल तर एखाद्या कुटुंबाने भाड्याने दिलेली खोली. गावात १९३७पर्यंत डोंगरावर नेणारा रज्जुमार्ग नव्हता. स्कीच्या तळाला सीलची कातडी बांधून, तासन्‌तास चढून वर जायचे आणि काही मिनिटांत उतरायचे. अशा दिवसानंतर ओले कपडे वाळवणारी उबदार शेगडी आणि पोटभर जेवण हीच मुक्कामाची खरी कसोटी होती.

१४/
या शाळेची कीर्ती पसरवली चित्रपटांनी. दिग्दर्शक आर्नोल्ड फांक यांच्या १९२०च्या स्कीपटात श्नायडर पडद्यावर झळकले. १९३१ साली आलेल्या 'डेर वाइसे राउश' या चित्रपटात लेनी रीफेनश्टाल यांच्यासोबत ते होते आणि चित्रण आर्लबेर्गवरच झाले होते. १९३० साली श्नायडर जपानलाही जाऊन आले. हॉटेल पोस्टच्या पाहुण्यांसाठी नेमलेल्या मुलाचे नाव आता खंडोखंडी पोहोचले होते.

१५/
येथे भारताशी एक अनपेक्षित धागा जुळतो. १९२८ साली श्नायडर आणि इंग्रज स्कीपटू आर्नोल्ड लन यांनी सांक्ट आंटोनमध्ये 'आर्लबेर्ग-कंदाहार' शर्यत सुरू केली. लन यांचा जन्म मद्रासचा. 'कंदाहार' हे नाव ज्यांच्या नावे पूर्वी एक स्कीचषक दिला गेला होता, त्या लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांच्यावरून आले. १८८० साली मैवंद येथे इंग्रजांच्या फौजेचा पराभव झाला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या सैन्यातील ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी होत्या. त्या पराभवानंतर रॉबर्ट्स काबूलहून कंदाहारवर चालून गेले आणि त्या मोहिमेचे नाव पुढे त्यांच्या किताबाला चिकटले. मैवंदच्या रणातून निघालेले हे नाव अशा रीतीने आल्प्सच्या उतारांवर पोहोचले.

१६/
मग राजकारण थेट खोल्यांपर्यंत येऊन भिडले. १९३३च्या मे महिन्यात हिटलरच्या सरकारने कायदा केला: ऑस्ट्रियाला जाणाऱ्या जर्मन नागरिकाने आधी १,००० मार्क भरावेत. सर्वसाधारण जर्मन कामगाराच्या सहा महिन्यांच्या कमाईहून ही रक्कम मोठी होती. ऑस्ट्रियात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत जर्मनांचा वाटा सर्वांत मोठा होता. रिकाम्या खोल्यांच्या दबावाने ऑस्ट्रियन सरकारला वाकवावे, हा हेतू होता. १९३६च्या उन्हाळ्यापर्यंत हा निर्बंध टिकला. सांक्ट आंटोनला त्या काळात इंग्रज आणि इतर परदेशी पाहुण्यांनी सावरले. श्नायडर यांची कीर्ती आणि गोम्पेर्त्स यांचे परिश्रम तेव्हा गावाच्या उपयोगी पडले.

१७/
तरीही गाव दुभंगले. नाझी विचारांचे लोक खेडोपाडी होते आणि स्कीशिक्षकांतही होते. श्नायडर यांनी त्यांना थारा दिला नाही. गोम्पेर्त्स यांचा जन्म ज्यू कुटुंबातला होता. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, तरी वंश मोजणाऱ्यांच्या लेखी त्याला काही किंमत नव्हती. अशा माणसाशी मैत्री राखणे हाही श्नायडर यांचा गुन्हा ठरला.

१८/
११ मार्च १९३८च्या रात्री ऑस्ट्रियन सरकार कोसळले आणि दुसऱ्या दिवशी जर्मन सैन्य देशात शिरले. त्याच रात्री-पहाटे श्नायडर यांना अटक झाली आणि लांडेकच्या तुरुंगात टाकले गेले. त्यांची शाळा त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. आर्लबेर्ग-कंदाहार शर्यत तोंडावर आली होती. श्नायडर यांच्याविना ती सांक्ट आंटोनमध्ये होणार नाही, अशी भूमिका घेऊन लन यांनी ती रद्द केली. पुढे श्नायडर यांना तुरुंगातून काढून बव्हेरियातील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे एका वकिलाच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले.

१९/
त्यांची सुटका झाली ती पुन्हा एका हॉटेलमालकामुळे. न्यूयॉर्कचे बँकर हार्वे गिब्सन मूळचे न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ कॉनवेचे. आपल्या त्या गावात त्यांनी हॉटेल घेतले होते आणि जवळच्या क्रॅनमोर डोंगरावर स्कीची सोय उभारली होती. जर्मनीच्या परदेशी कर्जांच्या वाटाघाटींत त्यांचे वजन होते आणि ते त्यांनी श्नायडर यांच्यासाठी वापरले. फेब्रुवारी १९३९मध्ये श्नायडर कुटुंबासह नॉर्थ कॉनवेच्या स्थानकावर उतरले, तेव्हा मुलांनी स्कीच्या काठ्या उंच धरून त्यांच्यासाठी कमान केली होती.

२०/
गोम्पेर्त्स यांच्यासाठी असे कोणी आले नाही. ज्या गावाच्या उत्कर्षासाठी ते तीन तपांहून अधिक काळ झटले, तेथून त्यांना १९४२च्या आरंभी व्हिएन्नाला जावे लागले. मे १९४२मध्ये त्यांना मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्स येथे पाठवण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या झाली. त्यांनी ज्या रेल्वेने पाहुणे गावात आणले, त्याच रेल्वेच्या जाळ्यातून हजारो माणसांना त्या स्थळी नेण्यात येत होते.

२१/
श्नायडर यांनी उरलेले आयुष्य नॉर्थ कॉनवेतच शिकवण्यात घालवले. त्यांचा मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधून युद्धात लढला. १९५५ साली श्नायडर यांचे तेथेच निधन झाले. इकडे युद्धोत्तर ऑस्ट्रियात स्की हा देशाच्या अर्थकारणाचा आधारस्तंभ बनला. घाटमाथ्यावरच्या सांक्ट क्रिस्टोफ येथे देशभरच्या स्कीशिक्षकांचे प्रशिक्षण होऊ लागले आणि एकच क्रम, पायऱ्यापायऱ्यांनी शिकवणे ही श्नायडर यांची शिस्त तेथे नव्या तंत्रासह पुढे चालू राहिली.

२२/
आज सांक्ट आंटोनला जाणारा प्रवासी खोली आणि शिकवणीचा आठवडा एकत्रच ठरवतो. कार्ल शूलर यांनी १९०७ साली मांडलेला हिशेब अजूनही चुकलेला नाही. मात्र त्या हिशेबात गावाच्या बाजूने जमा झालेल्या दोन माणसांपैकी एकाला गावाने तुरुंगात जाताना पाहिले आणि दुसऱ्याला मृत्यूकडे. तेथे उतरणाऱ्या पाहुण्याला निदान ही दोन नावे ठाऊक असावीत: हान्नेस श्नायडर आणि रूडोल्फ गोम्पेर्त्स.