मैल्यातून उजेड

फराळाच्या ताटाशेजारी सांडपाण्याचा विषय म्हणजे जरा अतीच झालं, असं तुम्ही म्हणाल. पण नाक मुरडण्याआधी दोन मिनिटं थांबा. ही गोष्ट दिव्यांचीच आहे.

१८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी बंद टाकीत मैला कुजवला आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लावले. आपली मुंबईही मागे नव्हती! माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात (आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय) १८९७ च्या सुमारास असा वायू गोळा होऊ लागला. समाजाने ज्यांना दूर लोटलं, त्यांच्या वस्तीत हे घडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून जंतूंकरवी ते शुद्ध करण्याची पद्धत मांडली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत आले. पद्धत उत्तम, पण हवा ढकलायला वीज लागते. अशा केंद्रांची साधारण निम्मी वीज त्यातच जाते. वीज स्वस्त होती तोवर कुणाला फिकीर नव्हती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मात्र डोळे उघडले. मोठ्या बुडबुड्यांच्या जागी बारीक बुडबुडे आले. ते हळू वर चढतात, त्यामुळे पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो. शिवाय तो मोजून गरजेपुरतीच हवा सोडता येऊ लागली.

आता आपल्या बे एरियाकडे या. ओकलंडहून बे ब्रिजवर चढताना ईस्ट बे मड या संस्थेचं १९५१ पासून चालणारं केंद्र लागतं. तिथे मैल्याबरोबर अन्नाचे टाकाऊ पदार्थही कुजवून वायू काढतात आणि त्यावर वीज बनवतात. २०१२ मध्ये वापरापेक्षा जास्त वीज निर्माण करणारं उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं केंद्र ठरलं.

मग सगळीकडे असं का होत नाही? वायूतला गंधक इंजिन खातो, तो आधी काढावा लागतो. यंत्रांना भांडवल लागतं. म्हणून कित्येक ठिकाणी हा वायू आजही नुसता जाळून टाकतात, आणि विकतच्या विजेचा खर्च आपल्याच बिलात येतो. तेव्हा पुढचं बिल भरताना, आपल्या गावच्या केंद्रात या वायूचं काय करतात, एवढं जरूर विचारा. मुलांनाही सांगा, माटुंग्यात हे सव्वाशे वर्षांपूर्वी जमलं होतं!

दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.