वेरूळचा रंगमहाल : एका पायी अभ्यासफेरीतील निरीक्षणे

अजिंठा चित्रांसाठी पाहावा आणि वेरूळ शिल्पांसाठी, असे एक वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांतून व मार्गदर्शिकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वाक्य सुटसुटीत आहे आणि परीक्षेत लिहावयास सोयीचेही आहे. परंतु त्याने अभ्यासाची हानी केली आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वेरूळास जाणारा विद्यार्थी भिंतींवरील मूर्ती ओळखण्यात गुंतून जातो आणि छताकडे मान वर करून पाहतच नाही. काळा कातळ हेच या लेण्यांचे मूळ रूप, अशी त्याची समजूत होऊन बसते. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कैलास लेण्यास 'रंगमहाल' असे दुसरे नाव होते, आणि जेम्स बर्जेस यांनी ते नोंदवून ठेविले आहे. आज करडे-काळे दिसणारे हे लेणे लोकांच्या तोंडी रंगाचा महाल कसे झाले, या प्रश्नाचा मागोवा घेत वेरूळची फेरी पायी करावी, एवढाच या टिपणांचा उद्देश आहे.

पायी हा शब्द मुद्दाम योजिला आहे. छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ सुमारे ३० कि.मी. अंतरावर आहे. दौलताबादवरून येणारी वाट खुलताबादच्या पठारावर चढते आणि मग घाट उतरून लेण्यांच्या पायथ्याशी येते. डोंगराचा कडा दक्षिणोत्तर पसरलेला असून लेण्यांची तोंडे पश्चिमेस आहेत. पहिल्या लेण्यापासून चौतिसाव्यापर्यंतचे अंतर दोन कि.मी.च्या आसपास भरते. सहलीची वाहने कैलासासमोर थांबतात, तेथे तास-दीड तास जातो, आणि उरलेली लेणी क्रमांकांच्या पाट्या वाचून आटोपली जातात. अशा भेटीत दोन गोष्टी हटकून निसटतात : एक, लेण्यांचा परस्परसंबंध, आणि दुसरी, प्रकाश. पश्चिमाभिमुख लेण्यांत सूर्य शिरतो तो तिसऱ्या प्रहरी. सकाळी दहा वाजता ज्या छतावर काजळीखेरीज काहीही दिसत नाही, त्याच छतावर दुपारी चार वाजता अंगणातील फरशीवरून परावर्तित झालेल्या उजेडात तांबडी रेघ उमटते. चित्रांचा शोध घ्यावयाचा तर सकाळी दक्षिणेकडील बौद्ध लेणी पाहून दुपारनंतर कैलास व जैन लेणी गाठावीत, हा आमचा अनुभव.

क्रमांकांविषयी एक सूचना येथेच दिलेली बरी. दक्षिणेकडून उत्तरेकडे १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन हा अनुक्रम चालणाऱ्याच्या सोयीचा आहे, इतिहासाचा नव्हे. प्रथम बौद्ध, मग ब्राह्मणी, शेवटी जैन असा ठोकळेबाज कालक्रम विद्यार्थी या आकड्यांवरूनच बांधतात. परंतु रामेश्वर (क्रमांक २१) व धुमार लेणे (क्रमांक २९) ही सहाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे नेली जातात आणि बौद्ध लेण्यांचा बहर सामान्यतः सातव्या व आठव्या शतकाच्या आरंभीचा मानला जातो. धुमार लेण्याचा आराखडा घारापुरीशी जुळतो. या परिसरात मिळालेली कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी लक्षात घेतली म्हणजे राष्ट्रकूटांच्या कितीतरी आधी येथे शैवांची टाकी चालू होती, हे मान्य करावे लागते.

बौद्ध लेण्यांपैकी दोहोंपाशीच येथे थांबू. दहावे विश्वकर्मा लेणे हे येथील एकमेव चैत्यगृह. त्याच्या छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. सुतार मंडळी त्यास आपल्या दैवताचे स्थान मानीत आली, आणि 'सुतार की झोपडी' हे नाव त्यातूनच पडले. हे नाव अडाणीपणाचे म्हणून हसण्यावारी नेणारे लोक आहेत. पण दगडातील वाशांत सुतारकाम ओळखणारी ती नजर कारागिराची होती. लाकडी इमारतीचे पाषाणात झालेले हे अनुकरण वास्तुशास्त्राचे अभ्यासक नंतर पारिभाषिक शब्दांत सांगू लागले, इतकेच.

दुसरे बारावे, तीन ताल. तीन मजल्यांचा हा भव्य विहार बाहेरून रुक्ष दिसतो. आत मात्र गिलाव्याचे अवशेष टिकून आहेत, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहेत. २०१६ साली पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी या लेण्यातील गिलाव्याच्या नमुन्यांचे परीक्षण प्रसिद्ध केले. माती व चुना यांच्या मिश्रणात भांगेच्या झाडाचे तंतू सुमारे एकदशांश प्रमाणात मिसळलेले त्यांना आढळले. या तंतूंमुळे गिलाव्यास किडीचा उपद्रव झाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात हा घटक नाही व तेथे किडीने चित्रांची बरीच हानी केली आहे. आमच्या मते यातून निघणारी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या कारागिरांनी गिलाव्याच्या मिश्रणाचा इतका विचार केला, त्यांच्या लेखी गिलावा हा शिल्पावरील वरवरचा लेप नव्हता. तो लेण्याच्या घडणीतील एक ठरलेला टप्पा होता. टाकीचे काम संपले म्हणजे लेणे पूर्ण झाले, असे ते मानीत नव्हते.

पंधराव्या दशावतार लेण्याच्या अंगणातील मंडपावर दंतिदुर्गाचा अपूर्ण राहिलेला लेख आहे. तो पाहून कैलासाकडे वळावे.

कैलासाविषयी इतके लिहिले गेले आहे की नवे काही सांगण्याचे धाडस होत नाही. अंगणाची लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट आणि मागील कड्याची उंची १०७ फूट, ही मापे सर्वांस पाठ आहेत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. ७५६ ते ७७३ च्या सुमारास, याचा मुख्य भाग झाला. गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याच्या बडोदे ताम्रपटात (शके ७३४) एलापुरच्या डोंगरावरील या देवालयाचे वर्णन आहे. ते पाहून विमानांतून जाणारे देव विस्मित झाले आणि आपल्याच हातून हे कसे घडले याचे खुद्द स्थपतीस नवल वाटले, असा त्याचा आशय आहे. मराठीत कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त हीच आठवण निराळ्या रूपाने येते. राणीने शिखर पाहिल्यावाचून अन्न न घेण्याचा पण केला, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने कळसापासून आरंभ करून खाली काम नेले, अशी ती कथा. कथेतील राजाराणी इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत. तथापि वरून खाली खोदत येण्याची रीत मात्र अक्षरशः खरी आहे. शतकानुशतके लोकांच्या स्मरणात राहिली ती बांधकामाची युक्ती, राजाचे नाव नव्हे.

या वरून खाली येणाऱ्या कामाचा शेवटचा हात म्हणजे पांढरा गिलावा. शिखराच्या खोबणींत, देवकोष्ठांच्या आडोशास, मूर्तींच्या वळ्यांत तो आजही दिसतो. अंगणात उभे राहून केवळ पांढरे ठिपके मोजीत मंदिराभोवती एक प्रदक्षिणा करावी. पहिल्या फेरीत दहा-बारा दिसतात, दुसरीत त्याच्या तिप्पट. हे सारे शिखर शुभ्र होते अशी कल्पना केली म्हणजे त्यास हिमाच्छादित कैलासाचे नाव कसे शोभले असेल ते ध्यानात येते. ग्रीक देवालयांचा संगमरवर मुळापासूनच पांढराफटक होता असा युरोपीय विद्वानांचा बरेच दिवस ग्रह होता, व पुढे रंगांचे अवशेष पाहून तो सोडावा लागला. आपला भ्रम त्याच्या उलट आहे. जे शुभ्र व रंगीत होते ते काळे समजून आपण त्याच्या काळेपणाचेच सौंदर्यशास्त्र रचले.

चित्रे पाहावयाची तर जिना चढून मंडपाच्या पश्चिमेकडील अर्धमंडपात यावे. येथील छतावर किमान दोन थर स्पष्ट आहेत. खालचा थर मंदिराच्या काळाशी जुळणारा. त्यात गरुडावर आरूढ होऊन मेघांतून जाणारे विष्णु-लक्ष्मी, आकाशगामी विद्याधर मिथुने आणि शिंगे असलेल्या सिंहावर बसलेला स्वार अशा आकृती आहेत. वरचा थर कित्येक शतकांनंतरचा असून त्यात शैव साधूंची मिरवणूक आढळते. वरचा थर जेथे गळून पडला तेथे खालचा उघडा झाला आहे. म्हणजे एकाची हानी हीच दुसऱ्याच्या ज्ञानाची वाट, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे. कैलासाच्याच चित्रांत अनेकभुज नटराजही आहे. ही चित्रे ओल्या चुन्यावरील नव्हेत. सुकलेल्या अस्तरावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावण्याची अजिंठ्याचीच पद्धत येथे आहे.

मात्र पद्धत एक असली तरी रेषा निराळी आहे. अजिंठ्याच्या आकृतींत गोलाई आहे. छायेच्या साहाय्याने अंगांना उठाव दिलेला आहे. वेरूळास नाक टोकदार होते, कोपर कोनात मोडते, डोळा लांबट होऊन पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर डोकावू लागतो. पुढे बाराव्या शतकापासून गुजरातेतील जैन ताडपत्री पोथ्यांत ही लक्षणे पूर्ण विकसित झालेली दिसतात. अजिंठ्यापासून पोथीचित्रांपर्यंतच्या वाटेवरील वेरूळ हा नाका आहे. तो वगळला तर भारतीय चित्रकलेच्या इतिहासात मध्येच कित्येक शतकांचा खड्डा पडतो. काही अभ्यासकांनी या बदलास अवनती म्हटले आहे. ते आम्हांस पटत नाही. घनता सोडून रेषेच्या वेगाकडे वळलेला हा चित्रकार आकृती कशी काढावी हे विसरला नव्हता. ज्या छताखाली तो काम करीत होता तेथे शिल्पाचा उठाव आधीच भरपूर होता, आणि चित्राने पुन्हा तेच करावे याची गरज उरली नव्हती.

एक समकालीन दृष्टांत द्यावासा वाटतो. दूर मेक्सिकोत बोनाम्पाक येथे माया लोकांच्या एका इमारतीतील तीन दालने आतून संपूर्ण रंगविलेली आहेत, आणि ती चित्रे इ. स. ७९० च्या सुमाराची, म्हणजे कैलासाच्या मागोमागची आहेत. १९४६ मध्ये ती जगापुढे आली तेव्हा माया संस्कृतीविषयीच्या कल्पनाच बदलल्या. शांतताप्रिय ज्योतिषी म्हणून वर्णिलेल्या लोकांची युद्धे आणि बंदिवान भिंतींवर रंगलेले होते. दोहोंत संबंध काही नाही. केवळ दगडावरून बांधलेला इतिहास रंगाने कसा उलटतो, एवढ्यापुरते ते उदाहरण घ्यावे. कैलासाच्या बाबतीत हरमान ग्यॉट्स यांनी १९५२ साली मांडले होते की हे लेणे एका राजाचे नसून अनेक कारकिर्दींत टप्प्याटप्प्याने वाढले. त्यांचे सर्व तपशील आज स्वीकारले जात नाहीत. परंतु गिलाव्याचे व चित्रांचे थर हा त्या वादातील साक्षीदार अद्याप पुरता तपासला गेलेला नाही.

कैलासाहून उत्तरेस निघाले की गर्दी संपते. पावसाळ्यात धुमार लेण्याशेजारी येळगंगेचा प्रवाह कड्यावरून कोसळतो; त्या डोहास सीतेची न्हाणी म्हणतात. पुढे जैन लेणी लागतात. बत्तिसाव्या इंद्रसभेचे नाव यक्षाच्या मूर्तीस इंद्र समजण्याच्या चुकीतून आले, आणि चूक उघड झाली तरी नाव टिकले. अंगणात एकपाषाणी सर्वतोभद्र मंदिर व हत्ती आहे. बहुतेक जण ते पाहून परततात. त्यांनी वरच्या मजल्यावर जावे. तेथील छतावरील चित्रे नवव्या-दहाव्या शतकांतील असून मेघांतून उडणाऱ्या आकृतींची रेषा कैलासाहूनही अधिक तीक्ष्ण झाली आहे. तेहतिसाव्या लेण्यातही असे अवशेष आहेत. वरच्या डोंगरावर पार्श्वनाथाच्या मूर्तीजवळ शके ११५६ चा लेख आहे, म्हणजे यादवकाळातही येथील जैन परंपरा जिवंत होती. त्याच शतकात चक्रधरस्वामींचे वेरुळास वास्तव्य झाल्याच्या लीळा 'लीळाचरित्रा'त आहेत. लेणी ओस पडून विस्मृतीत गेली होती, हे अजिंठ्याचे वर्णन येथे लावता येत नाही. वेरूळ सतत वापरात राहिले, आणि तेथील चित्रांवर बसलेली काजळी ही त्या वापराचीच खूण आहे.

मग या चित्रांची उपेक्षा का झाली? अजिंठ्याच्या प्रती करण्यासाठी रॉबर्ट गिल १८४४ पासून झटले; १८७२ पासून ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून पुन्हा प्रती करविल्या; निजामाच्या पुरातत्त्व खात्याने इटालियन तज्ज्ञ आणून दुरुस्ती करविली आणि याझदानी यांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. वेरुळास चित्रकार आले ते वास्तू रेखाटण्यासाठी. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी मॅलेट यांच्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे रेखाटने केली. पुढे जेम्स वेल्स यांच्या चित्रांवरून टॉमस डॅनिएल यांनी १८०३ मध्ये मोठा चित्रसंच प्रसिद्ध केला. त्यांचे लक्ष खांब, मंडप आणि कडे यांवर होते. येथूनच वेरूळ म्हणजे दगड हे समीकरण रूढ झाले.

गेल्या फेरीत इंद्रसभेच्या माडीवर आमच्या एका विद्यार्थिनीने अर्धा तास मान वर करून एकाच उडत्या आकृतीचे रेखाटन केले. तिच्या वहीत पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर आला होता. चूक झाली असे समजून तो ती खोडू लागली, तेव्हा तिला तसे करू दिले नाही.