पाव्हियाँ : परतीची वाट बंद झालेल्यांचे स्वयंपाकघर

१/ १४ जून १९४०. जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. त्या वेळी अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज या उपनगरी मैदानावर, जागतिक प्रदर्शनाचा दुसरा हंगाम चालू होता. तेथील फ्रेंच दालनात एक उपाहारगृह होते आणि त्याच्या चुलीपुढे उभे असलेले आचारी ज्या देशाच्या वैभवाचे प्रदर्शन मांडण्यासाठी आले होते, तो देश काही दिवसांतच शरण जाणार होता. न्यूयॉर्कमधील फ्रेंच भोजनगृहांच्या सुवर्णकाळाची कथा येथून सुरू होते. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कला फ्रेंच पाककला नवी नव्हती. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात डेल्मोनिको या स्विस कुटुंबाने तेथे फ्रेंच धर्तीचे भोजनगृह उभे केले होते आणि शहरातील धनिकांच्या मेजवान्या अनेक दशके त्याच नावाभोवती फिरत होत्या. मग १९२० मध्ये दारूबंदी आली. फ्रेंच जेवण वाइनवर दोन्ही बाजूंनी अवलंबून असते: पातेल्यात ती हवी आणि पेल्यातही. शिवाय भोजनगृहाचा नफा अन्नापेक्षा मद्यावर अधिक. १९२३ मध्ये डेल्मोनिको बंद पडले. १९३३ च्या अखेरीस बंदी उठली, तेव्हा मंदीने ग्राहकांचे खिसे रिकामे केले होते.

३/ १९३९ च्या प्रदर्शनात फ्रान्सने आपले पाकशास्त्र राष्ट्रीय कलेच्या थाटात मांडले. पॅरिसमधून निवडून आणलेल्या मंडळींमध्ये दोन नावे लक्षात ठेवावीत. एक, वाढप्यांचा प्रमुख आँरी सूले : ठेंगणा, स्थूल, विलक्षण स्वाभिमानी. दुसरा, बर्गंडीचा पिएर फ्राने, वय १८, मासे रांधणाऱ्या विभागातला कनिष्ठ आचारी.

४/ सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले. पुढच्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. ऑक्टोबर १९४० मध्ये प्रदर्शनाचे दरवाजे कायमचे मिटले. आता जायचे कोठे? मायदेशी जर्मनांचा अंमल, आणि अमेरिकेत ज्या कामासाठी आलो ते कामच संपलेले. सूले आणि त्याचे काही सहकारी तेथेच राहिले. १५ ऑक्टोबर १९४१ रोजी मॅनहॅटनच्या ५५व्या रस्त्यावर, सेंट रेजिस हॉटेलसमोर, सूलेने स्वतःचे भोजनगृह उघडले. नाव ठेवले ‘ल पाव्हियाँ’, म्हणजे ‘दालन’. उखडलेल्या प्रदर्शनाची आठवण त्याने पाटीवर कोरून ठेवली. दोन महिन्यांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिकाही युद्धात ओढली गेली. फ्राने अमेरिकी लष्करात भरती झाला व युद्ध संपल्यावर पुन्हा त्याच स्वयंपाकघरात परतला. कालांतराने तेथील मुख्य आचारी झाला.

५/ पुढची वीस वर्षे अमेरिकेत ‘उत्तम भोजन’ म्हणजे पाव्हियाँ, हे समीकरण जवळजवळ निर्विवाद राहिले. शॅम्पेनच्या सॉसमधील कोंबडी, नदीतल्या पाइक माशाचे हलके मुटके, टेबलाशेजारी कापून वाढले जाणारे मांस. स्वयंपाकघरात एस्कॉफिएने रूढ केलेली लष्करी उतरंड : सॉस करणारा वेगळा, मासे पाहणारा वेगळा, भाज्यांचा वेगळा, आणि सर्वांवर एकाचा हुकूम. या खोलीत स्त्री आचारी नव्हती, हेही नोंदवून ठेवू. ज्या फ्रान्समध्ये घरोघरी बायका रांधत होत्या, त्याची ‘उच्च’ पाककला मात्र पुरुषांच्या ताब्यात होती.

६/ आता सूलेच्या खऱ्या हत्याराकडे वळू. ते हत्यार सुरी नव्हते, टेबल होते. आपल्याकडे पंक्तिप्रपंच हा शब्द आहे : एकाच पंगतीत एकाच्या पानात साजूक तूप आणि दुसऱ्याच्या पानात तेल. सूलेने हा प्रपंच वाढण्यात नव्हे, बसवण्यात केला. दाराजवळची मोजकी आसने मानाची. तेथे कोण बसले हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसे. बाकीच्यांची रवानगी आत, दूर. न्यूयॉर्कच्या बोलीत अशा मागच्या जागांना ‘सायबेरिया’ असे नाव पडले. पैसा असून भागत नसे. सूलेची मर्जी लागे. पदार्थांची यादीही फ्रेंचमध्ये. ज्याला ती वाचता येत नसे, त्याची परीक्षा पहिला घास घेण्यापूर्वीच होई.

मला यात एक विलक्षण उलटापालट दिसते. ज्याचा देश पराभूत झाला, असा एक परका नोकरदार जगातील सर्वांत धनाढ्य शहरातल्या श्रीमंतांना कोठे बसायचे ते सांगत होता, आणि ते निमूट ऐकत होते.

७/ सर्वच ऐकत नव्हते. कोलंबिया पिक्चर्स या चित्रपट कंपनीने ती इमारत विकत घेतली. कंपनीचा प्रमुख हॅरी कोन याला मनाजोगे टेबल मिळेना आणि मग भाडे भरमसाट वाढले, असा प्रवाद प्रसिद्ध आहे. भांडणात किती वाटा टेबलाचा व किती हिशेबाचा, हे ज्याने त्याने ठरवावे. १९५७ मध्ये पाव्हियाँ ५७व्या रस्त्यावरील रिट्झ टॉवरमध्ये गेले. १९५८ च्या आरंभी कोन वारला आणि त्याच वर्षी सूलेने जुन्या जागेत ‘ला कोत बास्क’ हे दुसरे भोजनगृह थाटले. हट्ट असावा तर असा!

८/ पण पाव्हियाँला खरा हादरा बसला तो मागच्या दारातून. १९५९ मध्ये जाक पेपँ हा तरुण आचारी तेथे रुजू झाला. फ्रान्समध्ये द गॉलसह राष्ट्रप्रमुखांसाठी रांधलेला हा मुलगा. १९६० च्या आरंभी सूलेने खर्च आवरण्यासाठी स्वयंपाकघरातल्या माणसांच्या कामाचे तास, म्हणजे पर्यायाने त्यांचा पगार, कापायचे ठरवले. फ्रानेने नकार दिला. वीस वर्षांची सोबत तुटली. फ्राने गेला, त्याच्यापाठोपाठ इतर आचारीही गेले, आणि अमेरिकेतील सर्वांत मानाच्या भोजनगृहाला काही काळ टाळे लागले. समोरच्या खोलीत आसनांवरून मानापमान रंगत असताना मागच्या खोलीत ओव्हरटाइमचा प्रश्न धुमसत होता. पाव्हियाँच्या आठवणी सांगणारे पहिल्या खोलीत रमतात. इतिहास मात्र दुसरीत घडला.

९/ फ्राने गेला कोठे? हॉवर्ड जॉन्सन याच्याकडे. महामार्गांलगत नारिंगी छपरांची शेकडो भोजनालये चालवणारा हा उद्योजक पाव्हियाँचा नेहमीचा गिऱ्हाईक होता. तळलेल्या शिंपल्या आणि आइस्क्रीमचे २८ प्रकार ही त्याच्या साखळीची ख्याती. पेपँही फ्रानेबरोबर तिकडेच गेला. त्याच सुमारास केनेडींच्या व्हाइट हाउसमधील आचाऱ्याचे पद त्याच्यासमोर होते, ते त्याने नाकारले. आज हे वेड्यासारखे वाटेल. पण तेव्हा आचारी म्हणजे तळघरातला नोकर. राष्ट्राध्यक्षाकडे रांधून त्याला ना नाव मिळे ना प्रसिद्धी. उलट जॉन्सनकडे नवे काही शिकण्याची संधी होती : टनावारी रस्सा कसा शिजवायचा, गोठवलेल्या अन्नाची चव कशी टिकवायची, अमेरिकन माणूस खरोखर खातो काय. पेपँ तेथे सुमारे दहा वर्षे राहिला. पाव्हियाँचे शिक्षण असे अमेरिकेच्या हमरस्त्यांवर पोहोचले आणि गाडी थांबवून जेवणाऱ्या कुटुंबाला त्याचा पत्ताही नव्हता.

१०/ इकडे शहरात पाव्हियाँची पिल्ले पसरली. १९६० मध्ये सूलेच्याच जुन्या सहकाऱ्यांनी ‘ला काराव्हेल’ उघडले. पाठोपाठ १९६१ मध्ये ‘ल्युतेस’, १९६२ मध्ये ‘ला ग्रनुई’. जानेवारी १९६६ मध्ये सूले मरण पावला आणि त्याच्याविना पाव्हियाँ फार वर्षे तगले नाही. ला कोत बास्क मात्र टिकले. ट्रुमन कपोटीने १९७५ मध्ये त्याच्या नावाने कथा लिहून तेथे बसणाऱ्या उच्चभ्रू मैत्रिणींची गुपिते चव्हाट्यावर मांडली व त्या मैत्रिणी कायमच्या गमावल्या. फ्राने १९७० च्या दशकात न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहू लागला : तासाभरात घरी करता येतील अशा फ्रेंच पदार्थांविषयी.

११/ २००४ मध्ये, काही महिन्यांच्या अंतराने, ल्युतेस, ला कोत बास्क आणि ला काराव्हेल ही तिन्ही बंद झाली. ला ग्रनुई २०२४ पर्यंत तग धरून होते. त्याच्या दोन वर्षे आधी, २०२२ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे हॉवर्ड जॉन्सनच्या साखळीतले शेवटचे भोजनालयही बंद झाले.